चार नंबरचं वारं

जून लागला की माझ्याकडे ब्लोअरच्या तक्रारी येऊ लागतात. उन्हाळ्यात एसी गार करत नाही म्हणून येणारं गिऱ्हाईक वेगळं. पावसाळ्यात येणाऱ्याला गारवा नको असतो, त्याला समोरचा रस्ता दिसायला हवा असतो. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर आंबोली, फोंडा, करूळ, कुठला तरी घाट लागतोच. आंबोलीत वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या घरात जातो. बाहेर ढग रस्त्यावर उतरलेला, आत चार माणसांचे श्वास, ओले कपडे, पायाखालचं ओलं मॅटिंग. काच आतून दहा मिनिटांत पांढरी होते, आणि ती साफ ठेवायला एकच गोष्ट उपयोगी पडते, खालून काचेवर येणारं कोरडं, जरासं गरम वारं.

आमच्याकडे हीटर म्हटलं की लोक हसतात. कोल्हापुरात हीटर कशाला, मनालीला जायचंय का? पण गाडीत हीटरचा पंखा आणि एसीचा पंखा असे दोन नसतात. डॅशबोर्डच्या आत, डाव्या बाजूच्या कप्प्यामागे एकच मोटर असते. तिच्यावर पिंजऱ्यासारखं पात्यांचं चक्र. ते हवा ढकलतं. ती आधी एसीच्या जाळीतून जाते, मग झडपेने सोडली तर इंजिनाच्या गरम पाण्याच्या जाळीतून. मोटर बसली की एसीही गेला, हीटरही गेला आणि काचही गेली. फियाटच्या काळात दाराची त्रिकोणी काच तिरकी करून लोक वारं आत घ्यायचे. मुसळधार पावसात तो उपाय काय कामाचा, हे त्या गाड्या चालवलेल्या माणसालाच विचारावं.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक निवृत्त हेडमास्तर आले. गाडी १९९० च्या दशकाअखेरची, छोटी, पण ठेवलेली अशी की सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढलं होतं. मुलगी सावंतवाडीला दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी आंबोलीवरून खेप ठरलेली. सर म्हणाले, "मिस्त्री, परवा घाटात गाडी मी चालवतच नव्हतो. ही चालवत होती. ही फडक्यानं काच पुसायची आणि सांगायची, उजवीकडं घ्या, आता सरळ घ्या."

बाई मागे उभ्या होत्या. "मग काय करू? ह्यांना दरीसुद्धा दिसत नव्हती."

तक्रार अशी: ब्लोअर एक, दोन, तीन नंबरला चालतच नाही. चारला चालतो, आवाजही मोठा येतो, पण वारं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सर शेवटी बोलले. गाडी घेऊन आलेला माणूस महत्त्वाचं वाक्य नेहमी शेवटीच बोलतो. "मोटर तर मागल्या वर्षी नवी टाकली की!"

माझ्या दृष्टीने तक्रार तिथे बदलली. नवी मोटर टाकलेल्या गाडीत दोन बिघाड शोधावे लागतात. एक, जो आधी होता आणि मोटर बदलूनही गेला नाही. दुसरा, जो मोटर बदलताना आत शिरला. म्हणून मी सरांना पान्याला हात लावण्याआधी बसवून घेतलं आणि क्रमाने विचारलं. मोटर का बदलली? वारं हळूहळू कमी होत गेलं म्हणून. एक-दोन-तीन तेव्हा चालत होते? हो, चारही चालत होते, पण सगळेच मंद. नवी टाकल्यावर सुधारलं? नाही. तिथला माणूस म्हणाला, नवीन आहे, जरा बसू दे. आणि एक-दोन-तीन कधी गेले? त्यानंतर काही महिन्यांनी, एकदमच.

चारच नंबर चालतो ही खूण आमच्या धंद्यातल्या पोराटोरांनाही पाठ असते. मोटरला चार वेग देण्यासाठी जुन्या गाड्यांत साधी युक्ती असते. वाटेत तारेची वेटोळी घालतात. एक नंबरला करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दोनला काहींतून, तीनला अजून कमी, आणि चारला त्यांना वळसा घालून थेट. ह्या वेटोळ्यांच्या पट्टीला आम्ही रेझिस्टन्स म्हणतो. एक नंबरला वाटेत दोन-अडीच ओहम असतात, तीन अँपियर करंट धरला तरी त्या तारेत वीस-बावीस वॅटची उष्णता निघते. म्हणून ती पट्टी मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवतात. मोटर स्वतःच्या वाऱ्याने स्वतःचा रेझिस्टन्स थंड ठेवते. वारं थांबलं तर आग लागू नये म्हणून त्या पट्टीवर एक बारकी वितळतार असते. ठरावीक तापमानाला ती तुटते आणि एक-दोन-तीन एकदम बंद. चार चालू राहतो, कारण त्याची वाट वेगळी.

तेव्हा रेझिस्टन्स गेला हे गाडी न उघडता कळलं होतं. नवा टाकायचा, गिऱ्हाईक खूश, अर्ध्या तासाचं काम. पुष्कळ ठिकाणी इथेच हिशेब होतो. काही जण तर ती वितळतार काढून साधी तार सोल्डर करून देतात, नव्या रेझिस्टन्सचे पैसे वाचतात म्हणून. ते मी कधी करत नाही आणि माझ्या हाताखालच्या कुणाला करू देत नाही. ती तार तुटली म्हणजे ती तिचं काम करून गेली. प्रश्न हा, की ती इतकी तापली कशाने.

माझा भाचा तेव्हा नुकताच आयटीआय करून दुकानात आला होता. नवा डिजिटल मीटर घेतलेला, तो गळ्यात घालूनच फिरायचा. त्याने कप्पा उतरवला, मोटरच्या वायरींवर मीटर लावला आणि म्हणाला, "मामा, करंट पुरा येतोय. दोन्ही टोकांना बारा. मोटरच भंगार लावलीया."

स्विच तेव्हा बंद होता. मी त्याला म्हटलं, "बंद स्विचला दोन्ही टोकांना बारा का, ते आधी सांग."

अशा जपानी आराखड्याच्या गाड्यांत ही गंमत असते. घरात बटण फेजला असतं. इथे फ्यूज आणि रिलेमधून प्लस थेट मोटरपर्यंत येऊन उभा राहतो आणि बटण असतं मायनसच्या वाटेवर. चावी फिरवली की मोटरला प्लस मिळालेलाच. स्विच फक्त मायनसला बॉडीपर्यंत जायची वाट उघडतो. वाट बंद असली की मोटरच्या आतून तोच प्लस दुसऱ्या टोकाला दिसतो. टेस्ट बल्ब लावला तर दोन्हीकडे पेटतो आणि नवा माणूस म्हणतो, करंट आहे, मोटर मेली. अशा कित्येक चांगल्या मोटरी भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

चारवर गाडी चालू करून मी डॅशच्या जाळीसमोर उदबत्ती धरली. आवाज जोरात, धूर जेमतेम वाकतोय. झडपा पाहिल्या, काचेची, पायाची, समोरची. सगळ्या उघडत-मिटत होत्या. वायपरखालची जाळी काढून पाहिली. तिथे गुलमोहराच्या पाकळ्या आणि कडुनिंबाची पानं अशी साठतात की एकदा मला पानांत उंदराचं अख्खं घर मिळालं होतं, आत कुणाच्या तरी रेशन कार्डाचे कपटे. सरांच्या गाडीत काही नव्हतं. हेडमास्तरांची गाडी, जाळी पुसलेली होती.

मग वायरीवर डीसीचा क्लॅम्प लावला. ह्या मापाची मोटर चारवर आठ-दहा अँपियर ओढते. इथे पाचच्या आसपास काटा. भाच्याला वाटलं, कमी ओढते म्हणजे चांगली. उलट आहे. बुश सुकलेली किंवा कशाला तरी घासणारी मोटर जास्त ओढते आणि कण्हते. कमी ओढून वरच्या पट्टीत गाणारी मोटर म्हणजे तिच्यावर कामच नाही, ती हवा ढकलतच नाही. पंख्याचं ओझं म्हणजे हवा. हवा हलली नाही की ओझं नाही, ओझं नाही की वेग वाढतो. आवाज मोठा आणि वारं नाही, ह्याचा अर्थ तोच होता.

मोटर खाली उतरवली आणि वायरी न सोडता हातात धरून चालवली. भाचा म्हणाला, "मस्त फिरतीया की." फिरत होती हे खरंच. पण कुठल्या बाजूला? ह्या चक्राची पाती सरळ नसतात, बाहेरच्या टोकाला पुढे वळलेली असतात, आणि पात्याची खोलगट बाजू पुढे राहील असं चक्र फिरावं लागतं. शिवाय ते बसतं तो डबा गोगलगायीच्या आकाराचा. त्याचा घेर ज्या दिशेने वाढत जातो त्याच दिशेने चक्राने जायचं. सरांच्या गाडीत चक्र पाठ पुढे करून फिरत होतं. नवी मोटर उलटी जोडलेली होती.

हे पुष्कळांना खरं वाटत नाही. घरातला छताचा पंखा उलटा फिरवला तर वारं वर जातं, चटकन कळतं. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा मधून घेऊन बाहेरच टाकतो, फक्त फार कमी. वारं उलटं शोषलं जात नाही, तेव्हा संशय येत नाही. मोटर फिरतेय, जाळीतून थोडं वारं येतंय, नवीन आहे, बसेल हळूहळू.

आणि उलटी लागली कशी, तेही टेप सोडवल्यावर दिसलं. लोकल मोटरचं कपलर गाडीच्या कपलरला बसत नव्हतं. दोन्हीकडचं कापून वायरी पिळून जोडल्या होत्या. मोटरच्या वायरी लाल आणि काळी, गाडीच्या वायरींत दोन्हींपैकी एकही रंग नाही. बसवणाऱ्याने एक जोडी धरली. ह्या मोटरीत आत कायमचे चुंबक असतात, प्लस-मायनस बदलला की ती बिनतक्रार उलटी फिरते. हे कोणी केलं ते कळलं तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. दिवसाला गाड्या काढायच्या असतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. पण चालू करून जाळीसमोर हात धरायला किती वेळ लागतो?

रेझिस्टन्स का तापला, त्याचं उत्तरही मिळालं. वारं कमी, म्हणजे पट्टीला थंडावा कमी. काही महिने तो तग धरून होता, मग वितळतार तुटली. एक-दोन-तीन बंद पडण्याचं कारण रेझिस्टन्समध्ये नव्हतं, नुसता नवा टाकला असता तर पुढच्या पावसाळ्याच्या आत तोही गेला असता.

वायरी सुलट्या केल्या. उदबत्तीचा धूर आता जाळीतून सरळ मागे जायला लागला, बाई म्हणाल्या, "आलं हो वारं!" सरही उठून उभे राहिले. मला मात्र ते वारं पुरेसं वाटेना. ह्या जातीच्या गाडीचं चारचं वारं मला हाताला माहीत आहे. शिवाय सरांनी सांगितलेलं पहिलं दुखणं अजून तसंच होतं. जुन्या मोटरला सगळ्याच नंबरांवर मंद वारं यायचं, आणि तेव्हा ती उलटी जोडलेली नव्हती.

इथून पुढचं काम भाच्याच्या मीटरचं होतं, फक्त लावायची पद्धत वेगळी. वायर सोडवून मोकळ्या टोकांवर मीटर लावला की तो बारा दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही, त्याचा हिशेब मायक्रोअँपियरमध्ये. गंजक्या सांध्यातूनही तेवढं सहज येतं. दहा अँपियर मागितले की तोच सांधा दगा देतो. म्हणून मी दुकानात हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा एक बल्ब वायरी लावून ठेवलाय. मोटर काढायची आणि तिच्या जागी तो लावायचा. तो पाचेक अँपियर मागतो. पांढरा पेटला तर वायरिंग बरं, पिवळा पडला तर वाटेत कुणीतरी खातंय. सरांच्या गाडीत तो पिवळा पेटला.

कुणीतरी म्हणजे कोण, हे ओहममध्ये मोजायला गेलं तर सापडत नाही. दहा अँपियरला तीन व्होल्ट खायला सांध्यात ०.३ ओहम पुरतात, आणि मीटरच्या दोन वायरींचाच रोध जवळपास तेवढा निघतो. तेव्हा मोटर जोडून, चारवर फुल चालवून, चालू करंटातच मोजायचं. एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं मोटरच्या मायनसला. तिथे फार तर पावअर्धा व्होल्ट दिसावा. २.८ दिसले. भाचा माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, आता दुसरं टोक बॅटरीच्या दिशेने एकेक सांधा पुढे सरकव. रेझिस्टन्सच्या कपलरला २.७. स्विचच्या मायनसच्या पिनेला, कपलरच्या अलीकडे, २.७. तिथून बॉडीकडे जाणाऱ्या वायरीला, कपलरच्या पलीकडे, ०.३.

तिथेच होतं. डॅशमधून स्विच ओढून काढला तेव्हा मीटरची गरज नव्हती, नाकाला कळलं. पांढऱ्या कपलरचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळलेला, आतली पीन निळी-काळी. नऊ अँपियर गुणिले अडीचला थोडं कमी व्होल्ट, म्हणजे वीस-बावीस वॅट. मी भाच्याला माझं सोल्डरिंग आयर्न दाखवलं. ते पंचवीस वॅटचं आहे. तेवढी उष्णता सरांच्या डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये, ब्लोअर चारवर असेल तोपर्यंत निघत होती.

"मग फ्यूज कसा उडाला नाही?" सरांनी विचारलं. वर्गात असा विद्यार्थी मिळाला असता तर त्यांना आवडला असता. फ्यूज फक्त जादा करंट ओळखतो. इथे करंट कमीच झाला होता, सांधा मध्ये आडवा आला म्हणून. गाड्या जळतात त्यांतल्या काहींचे फ्यूज शाबूत निघतात ते ह्यामुळे.

तेवढ्यात बाईंनी सांगितलं की जुनी मोटर डिकीत आहे. सर म्हणाले, "पैसे दिलेल्या वस्तूला टाकायचं कसं?" वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून, स्टेपनीच्या बाजूला ठेवलेली. थेट बॅटरीवर लावली. कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक, आर्मेचर स्वच्छ, बुशला जरा कोरडा आवाज, तो दोन थेंब तेलाने गेला. थंडीच्या सकाळी किंचाळणारी मोटर असते तिचा बुश खरंच गेलेला असतो, तेल घालून महिनाभर गप्प बसते आणि पुन्हा ओरडते. टिचकी मारल्यावर सुरू होणारी असते तिचे कार्बन संपलेले असतात. सरांची जुनी मोटर ह्या दोन्हींपैकी कशातच बसत नव्हती. तिला फक्त पोटभर मिळत नव्हतं.

तेव्हा जुनीच मोटर तिच्या मूळ चक्रासह परत बसवली. कापलेलं कपलर दुसऱ्या एका भंगार वायरिंगमधून घेऊन, पिना दाबून, नीट लावलं. रेझिस्टन्स नवा. स्विच मात्र तसाच ठेवायला मन घेईना, पीन घासून पुसून चालली असती, पण एकदा निळी पडलेली पितळी पीन पकड सोडते. सरांना विचारून दुसरा स्विच टाकला आणि चार नंबरच्या वाटेवर ३० अँपियरचा रिले बसवला. आता चारचा नऊ-दहा अँपियरचा भार रिले उचलतो, स्विचमधून जातो तो रिलेच्या गुंडाळीपुरता, एका अँपियरचा सहावा-सातवा हिस्सा. कारखान्याने हे आधीच का केलं नाही म्हणाल, तर एका रिलेचे पैसे लाखो गाड्यांनी गुणून बघा.

पुन्हा मोजलं: ०.२.

चाचणीला आम्ही चौघं काचा वर करून गाडीत बसलो. बाहेर पाऊस होताच, अंगावरचे कपडे ओले. काच धुरकट व्हायला वेळ लागला नाही. मी हवेची झडप काचेवर केली, बाहेरची हवा आत घेतली, एसी लावला आणि गरम-गारचा खटका गरमच्या बाजूला सरकवला.

"एसी लावून हीटर?" सर म्हणाले. "एक काय ते ठरवा."

हे मला दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं. एसीची जाळी थंड असते, हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि गाडीखालून गळून जातं. म्हणजे हवा कोरडी झाली, पण गार. ती तशीच काचेवर सोडली तर काच गार पडते आणि मग बाहेरून वाफ धरते. तीच हवा पुढे गरम जाळीतून नेली की कोरडी आणि उबदार होऊन काचेवर जाते, ती पाणी पिते. दोन्ही एकदम लावणं हाच त्याचा खरा उपयोग. आतलीच हवा फिरवत राहायचा खटका मात्र पावसात बंद ठेवायचा, नाहीतर चौघांचा श्वास पुन्हा पुन्हा काचेवरच येतो. खालच्या कडेपासून काच साफ होत वर गेली आणि समोरच्या पंपाच्या दुकानाची पाटी दिसायला लागली.

बिलाच्या वेळी जरा थांबावं लागलं. रेझिस्टन्स, स्विच, रिले, कपलर, एवढ्याची बेरीज फार नव्हती. मजुरीचा आकडा तिच्यापेक्षा मोठा बघून सरांनी चष्मा वर केला. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, शोधण्याचे द्यायला कुरकुरतं. मागच्या ठिकाणी मोटरचे पैसे त्यांनी लगेच दिले होते, कारण मोटर हातात घेऊन बघता येते. बाईच म्हणाल्या, "द्या हो. घाटात माझा हात किती दुखला ते मला माहीत आहे." दिले. वर पावतीवर मोटरच्या दिशेचं काय झालं ते लिहून मागितलं, चार ओळींत, तारीख घालून. मी लिहून दिलं.

उरली ती वर्षभर उलटी फिरलेली नवी मोटर. दुकानात परत करायची सोय नव्हती. इलेक्ट्रिकचा विकलेला माल परत घेतला जाणार नाही ही पाटी आमच्या ओळीत प्रत्येक काउंटरवर आहे. सरांनी ती माझ्याकडेच ठेवली. ऑगस्टात गडहिंग्लजची एक दुधाची व्हॅन आली, तिच्या मोटरचे कार्बन खरोखरच संपून आर्मेचरला चर पडले होते. माप बसलं. भाच्याने जोडली आणि मी न सांगता आधी जाळीसमोर हात धरला, मग पात्यांकडे पाहिलं, आणि मगच वायरींवर टेप मारला. अर्धी किंमत व्हॅनवाल्याने दिली, ती मी सरांच्या पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलातून वजा केली. त्यांनी त्याचीही पावती मागितली.